दोघांनी मिळून प्रोग्रेसिव्ह इलेक्ट्रॉनिक अल्बम: अँबियंट पॅड आणि किक एकत्र नांदत नाहीत

मंद्रसप्तक

नमस्कार मंडळी. सहा ट्रॅक, एकूण ५२ मिनिटे, मध्ये कुठेही न थांबणारा अल्बम दोघांत चालू आहे. एक जण पुण्यात, दुसरा श्टुटगार्टला. सिंथचे थर पुण्याचे: एक ॲनालॉग पॉलिसिंथ, एक सेमी-मॉड्युलर, एक छोटा हार्डवेअर सिक्वेन्सर. ठेका, बास आणि ड्रम मशीन श्टुटगार्टचे. ध्वनिमुद्रणाचे सॉफ्टवेअर इकडे रीपर, तिकडे एबलटन लाइव्ह. नाचाच्या भागांचा टेंपो १२२ बीपीएम (मिनिटाला १२२ मात्रा), सगळा अल्बम काळी एकमध्ये.

अडचणी अशा:

पॅड (सिंथवर लांब धरलेले स्वर) एकटा ऐकला की भरदार, किक (ड्रमचा खर्जातला मुख्य ठोका) एकटी ऐकली की दमदार, दोन्ही लावले की सगळे गढूळ. साइडचेन, म्हणजे किक वाजली की पॅडचा आवाज दाबणारा कॉम्प्रेसर, लावून पाहिला (गुणोत्तर ८:१, ॲटॅक १० मिलिसेकंद, रिलीज ४००), तर पॅडला धाप लागल्यासारखे होते आणि तो कायमचा दबूनच राहतो. पॅडवर हाय-पास (खालचा खर्ज कापणारा फिल्टर) ४० हर्ट्झला आहे, रिव्हर्ब (घुमारा) ९ सेकंदांचा.

पुण्याच्या फायली लाइव्हमध्ये टाकल्या की काहींची पिच उतरते. काही सुरुवातीला बरोबर बसतात, पण चौथ्या मिनिटापर्यंत किकपासून सरकलेल्या असतात.

अँबियंट भाग संपून ठेका सुरू होतो तिथे सांधा उघडा पडतो. दोन वेगळे अल्बम चिकटवल्यासारखे वाटते.

आणि दोघांना इंटरनेटवरून एकाच वेळी वाजवता येईल का?

अर्धमात्रा

आधी गढूळपणा, कारण बाकी सगळे त्याच्यावर अवलंबून आहे.

४० हर्ट्झचा हाय-पास म्हणजे जवळजवळ काहीच न कापल्यासारखे. किकचा धक्का ४५ ते ६० हर्ट्झमध्ये, बास ५० ते १२० मध्ये, आणि तुमचा पॅडही तिथेच बसलेला. ठेका चालू असताना पॅडचा हाय-पास १५० ते १८० हर्ट्झला न्या, उतार १२ डेसिबल प्रति सप्तक. पॅड एकटा ऐकल्यावर रोडावलेला वाटेल. वाटू द्या, त्या भागात तो कोणी एकटा ऐकणार नाही. ठेका थांबतो तिथे हाच फिल्टर ८ बारांत (एक बार म्हणजे चार मात्रा) हळूहळू ६० हर्ट्झपर्यंत खाली उघडा. किक नसताना खर्ज पॅडचा, किक आली की खर्ज तिचा, अशी वाटणी कानाला आपोआप समजते.

दुसरे, काळी एक. तिचा षड्ज ३४.६ हर्ट्झला किंवा ६९.३ हर्ट्झला येतो. किकसाठी दोन्ही गैरसोयीचे. ३४ बहुतेक स्पीकरांवर ऐकूच येत नाही, ६९ ला किक हलकी आणि डब्यात वाजल्यासारखी होते. पट्टी बदलायची नसेल तर किकचे शेपूट पंचमावर, म्हणजे काळी चारवर लावा: ५१.९ हर्ट्झ. पट्टी बदलायची तयारी असेल तर काळी तीन (४६.२), पांढरी पाच (४९) किंवा पांढरी सहा (५५) या सोयीच्या. पट्टी ठरवताना किकचा विचार पहिल्या दिवशीच व्हायला हवा होता, कारण आता ॲनालॉगवरचे थर पुन्हा वाजवावे लागतील. म्हणून सध्या पंचमच बरा.

तिसरे, रिव्हर्ब. १२२ ला एक मात्रा ४९२ मिलिसेकंदांची. ९ सेकंदांत १८ मात्रा होतात, म्हणजे साडेचार बार. दर चार बारांनी कॉर्ड बदलत असेल तर मागची कॉर्ड पुढचीवर सतत सांडते. दोन रिव्हर्ब ठेवा: एक २.५ सेकंदांचा ठेक्याच्या भागांसाठी, दुसरा ९ सेकंदांचा मोकळ्या भागांसाठी. सेंडच्या ऑटोमेशनने एकातून दुसऱ्यात जा. प्री-डिले ६१ मिलिसेकंद, म्हणजे मात्रेचा आठवा भाग. रिव्हर्बच्या परतीच्या चॅनेलवर २५० हर्ट्झखाली आणि ८ किलोहर्ट्झच्या वर काप द्या. गढूळपणाचा निम्मा भाग मूळ पॅडमध्ये नसून या परतीत असतो.

आता साइडचेन. ४९२ मिलिसेकंदांनी किक परत येते आणि तुमचा रिलीज ४००. त्यात किकच्या शेपटाने कॉम्प्रेसर आणखी १००-१५० मिलिसेकंद धरून ठेवला की पॅड पूर्ण आवाजावर कधी येतच नाही. म्हणून तो दबलेला. असे करा:

ट्रिगरसाठी खरी किक वापरू नका. १० मिलिसेकंदांचा एक टिचका वेगळ्या ट्रॅकवर किकच्या जागी ठेवा, तो मास्टरला जोडू नका, त्याच्यावर कॉम्प्रेसर चालवा. गुणोत्तर ३:१, ॲटॅक २, होल्ड ३०, रिलीज १८० ते २२०. कोऱ्या पॅडवर ३ डेसिबलपेक्षा जास्त दाब नको. रिव्हर्बच्या परतीवर मात्र ६ चालेल. घुमारा मागे सरकला की किकला जागा मिळते आणि पॅडचा श्वास ऐकू येत नाही.

किक थांबते तिथे हा टिचका लगेच बंद करू नका. त्याचा आवाज ८ बारांत उतरवा. ठेका गेल्यावरही पॅड थोडा वेळ त्याच लयीत हलत राहतो, आणि तुमच्या सांध्याच्या तक्रारीवर अर्धे औषध हेच.

घनवाद्य

अर्धमात्रा यांच्या आकड्यांशी सहमत, क्रमाशी नाही. फिल्टर आणि कॉम्प्रेसरकडे जाण्याआधी कॉर्ड कशी मांडली आहे ते बघा.

गढूळपणा बहुतेक वेळा ५० हर्ट्झला नसतो, २०० ते ४०० मध्ये असतो. पॉलिसिंथवर डाव्या हाताने षड्ज-गंधार-पंचम असे जवळजवळ धरले की मंद्रातला गंधार बासच्या दुसऱ्या-तिसऱ्या हार्मोनिकवर आदळतो. नियम सोपा आहे. मधल्या सा च्या खालच्या सप्तकात गंधार नको, तिथे फक्त षड्ज-पंचम. आणि बास षड्ज वाजवत असेल तर पॅडमधून षड्ज काढूनच टाका. पॅडने पंचम, गंधार, निषाद, वरचा रिषभ एवढेच धरावे. कान बासचा षड्ज आणि पॅडचे वरचे स्वर जोडून पूर्ण कॉर्ड ऐकतो. एवढे केल्यावर हाय-पास १८० ऐवजी १२० वर पुरतो आणि साइडचेन दोन डेसिबलवर येतो.

मोनोत ऐकून पाहिलेत का? जुन्या धाटणीच्या कोरस इफेक्टचे डावे-उजवे पॅड मोनोत बरेच बसतात, कधी निम्मेच उरतात. क्लबांच्या कित्येक ध्वनियंत्रणा मोनोच असतात. १२० हर्ट्झखालचे सगळे मोनो करा आणि कोरसची खोली मोनोत ऐकत ठरवा.

ठेक्याच्या बाजूलाही सांगण्यासारखे आहे. किकचे शेपूट २०० मिलिसेकंदांच्या आत संपले पाहिजे. पुढची अर्धी मात्रा २४६ ला येते, बासचा आडवा ठोका तिथेच पडणार. हाय-हॅटला ५४ ते ५६ टक्के स्विंग द्या. लांब रिव्हर्बमध्ये त्याहून जास्त स्विंग लंगडा वाटतो, कारण घुमारा ठोक्यांमधली दरी भरून टाकतो.

तंतुवाद्य_नव्हे

फायलींबद्दल. तुमच्या दोन तक्रारींची कारणे वेगवेगळी आहेत.

पिच उतरणे: पहिला संशय सगळे सॅम्पल रेटवर (सेकंदाला आवाजाची किती मोजमापे घेतली) घेतात. पण लाइव्ह आणि रीपर दोघेही ४४.१ आणि ४८ किलोहर्ट्झमधला फरक स्वतः सांभाळतात. तुमचा दोष बहुधा लाइव्हच्या वॉर्पमध्ये, म्हणजे फाइल ताणून प्रकल्पाच्या टेंपोला बसवण्याच्या सोयीत, आहे. लांब फाइल आत आली की लाइव्ह तिचा टेंपो स्वतः ओळखायला बघतो. पॅडमध्ये ठोके नसतात, त्यामुळे तो काहीही अंदाज बांधतो. वॉर्प मोड री-पिचवर असेल तर टेंपोबरोबर पिचही सरकते. समजा १२२ ची फाइल त्याने १३० ची धरली, तर ती मंद होते आणि १.१ सेमीटोन उतरते. उपाय: सेटिंग्जमध्ये लांब सॅम्पलचा ऑटो-वॉर्प बंद करा, आणि आधी आलेल्या प्रत्येक क्लिपवरचा वॉर्प हाताने बंद करा.

वॉर्प बंद करूनही पिच उतरलेलीच राहिली आणि फरक दीड सेमीटोनच्या आसपास असेल, तर मात्र चूक ध्वनिमुद्रणाच्या वेळची. इंटरफेस एका दराने चालत होता आणि फाइलवर शिक्का दुसऱ्याचा. एखादे यंत्र डिजिटल केबलने जोडलेले असेल तर दोघांचे क्लॉक जुळवा. इंटरफेस मालक, बाकी सगळे त्याच्या तालावर.

हळूहळू सरकणे: हा तुमच्या हार्डवेअर सिक्वेन्सरचा पराक्रम. पडद्यावर १२२ दिसते, पण त्याचे स्वतःचे घड्याळ १२१.९७ ने चालत असेल तर चार मिनिटांत ५९ मिलिसेकंद मागे पडते. सोळाव्या भागाची लांबी १२३ मिलिसेकंद, म्हणजे त्याच्या निम्म्याने चूक. सिक्वेन्सरचे घड्याळ बाहेरचे ठेवा, रीपरमधून मिडी क्लॉक (यंत्रांना टेंपो सांगणारा संकेत) द्या. एका मात्रेत २४ टिचक्या जातात. मग एकदा मोजणी करा: सिक्वेन्सरने एक छोटा टक्क आवाज वाजवून तो ध्वनिमुद्रित करा आणि मेट्रोनोमशी ताडून बघा. ११ मिलिसेकंद उशिरा येत असेल तर क्लॉकला उणे ११ ची दुरुस्ती. दोन-तीन मिलिसेकंदांची थरथर पॅडला चालते, सोळाव्या भागांच्या अर्पेजिओला चालत नाही. अर्पेजिओ मिडी म्हणूनही (आवाज नव्हे, स्वरांची नोंद) नोंदवून ठेवा.

दोघांमधल्या फायलींसाठी हे नियम कागदावर लिहून घ्या:

४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव्ह किंवा फ्लॅक. प्रत्येक स्टेम (एका थराची सुटी फाइल) पहिल्या बारच्या पहिल्या मात्रेपासून सुरू, मध्ये चार मिनिटे शांतता असली तरी. शेवटी १० सेकंद जास्तीचे, नाहीतर रिव्हर्बचे शेपूट तुटते. शिखर उणे ६ डेसिबल. मास्टरवरचा लिमिटर (शिखरे रोखणारा) बंद. पॅड कोरा वेगळा आणि रिव्हर्ब वेगळा, कारण वर सांगितलेला दाब या दोघांवर वेगवेगळा द्यायचा आहे. रिव्हर्बसकट एकच फाइल पाठवली तर श्टुटगार्टच्या हाताशी काहीच उरत नाही. सोबत एक साधी मजकुराची फाइल: टेंपो, पट्टी, कॉर्ड कुठल्या बारला बदलते, आणि ॲनालॉगच्या खुंट्यांचा फोटो. नावात ट्रॅकचा क्रमांक, थर, टेंपो, आवृत्ती. ‘फायनल’ हा शब्द फाइलच्या नावात नको, आवृत्तीचा आकडाच पुरे.

जागेचा हिशेब: ४८/२४ स्टिरिओ म्हणजे मिनिटाला १७.३ एमबी. ५२ मिनिटांचे २० थर असतील तर १८ जीबी. मोनो थर मोनोच पाठवा, निम्मी जागा वाचते. डीएडब्ल्यू-प्रोजेक्ट नावाचा प्रकल्प-अदलाबदलीचा खुला प्रकार बिटविग, स्टुडिओ वन, क्यूबेस यांच्यात चालतो, पण तुमच्या जोडीला तो उपयोगी नाही. स्टेम आणि मिडी हाच रस्ता.

एक राहिले. ॲनालॉग पॉलिसिंथ अर्धा तास तापू द्या, मग ट्यून करा, ए ४४० ला. पंखा किंवा एसी मध्येच चालू-बंद करू नका. २०० हर्ट्झच्या आसपास ५ सेंटचा (सेंट म्हणजे सेमीटोनचा शंभरावा भाग) फरकसुद्धा दर पावणेदोन सेकंदाला एक आंदोलन देतो. मोकळ्या भागात ते सुंदर लागते. १२२ च्या ठेक्यावर तेच आंदोलन समेला कधीच धरून राहत नाही आणि ठेका डगमगल्याचा भास होतो.

आवर्तन

सांध्याबद्दल मी लिहितो. तुमचा खरा प्रश्न तोच आहे असे मला वाटते.

स्टीव्ह हिलेज आणि मिकेट जिरॉडी यांच्या सिस्टिम ७ ने १९९४ मध्ये ‘पॉइंट ३’ दोन रूपांत काढला: ‘फायर’मध्ये ठेक्यासह, ‘वॉटर’मध्ये ठेक्याविना. त्यातून आपल्याला एक कसोटी घेता येते. प्रत्येक ट्रॅक किक आणि हॅट बंद करून पूर्ण ऐका. तो उभा राहतो का? मग पॅड बंद करून ऐका. पाय हलतो का? पहिल्यात कोसळत असेल तर पॅडमध्ये आतली हालचाल नाही. दुसऱ्यात कोसळत असेल तर ठेका पॅडच्या आधाराने तग धरून आहे. सांधा उघडा पडतो तो यापैकी एका बाजूला काही घडत नसते म्हणून.

दुसरे उदाहरण मान्युएल ग्यॉटशिंगचे ‘ई२-ई४’. १२ डिसेंबर १९८१ ला एकाच बैठकीत वाजवलेले, १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेले, तासाच्या आसपास लांबीचे. सगळे दोन कॉर्डवर. स्वरसंगती जवळपास स्थिर असल्यामुळे लांब घुमारा कशावर आदळत नाही, आणि नजर ठेक्यातल्या बारीक बदलांवर राहते. आपल्याकडे चरणजित सिंग यांनी १९८२ साली मुंबईत टीआर-८०८ ड्रम मशीन, टीबी-३०३ बास सिंथ आणि ज्युपिटर-८ सिंथ घेऊन दहा राग डिस्को ठेक्यावर वाजवले, तिथेही हेच कारण लागू पडते. रागात कॉर्ड बदलत नाही, त्यामुळे आधारस्वर, मींड आणि चौकोनी ठेका एकमेकांच्या वाटेत येत नाहीत. तेव्हा दर चार बारांनी कॉर्ड बदलायचा हट्ट असेल तर तो सोडून बघा. १६ बारांनी एक बदल पुरतो. मग अर्धमात्रा यांनी सांगितलेला छोटा रिव्हर्बही थोडा वाढवता येईल, ४ सेकंदांपर्यंत.

आता प्रत्यक्ष सांधा. ३२ बार हाताशी ठेवा, १२२ ला त्याची ६३ सेकंद होतात.

पहिल्या ८ बारांत पॅडच्या फिल्टरवरचा एलएफओ (फिल्टर हळू हलवणारा मंद दोलक) मोकळ्या गतीवरून टेंपोला बांधा. आधी दोन बारांना एक फेरी, मग एका बाराला एक. ठोका अजून नाही, पण लय शरीरात शिरू लागते. ९ व्या बारापासून पॅडच्या वरच्या स्वरांवर डिले: ३६९ मिलिसेकंद, म्हणजे पाऊण मात्रा, फीडबॅक ४० टक्के. १७ व्या बारापासून पॅडमधलाच नॉइज घेऊन गेटने सोळाव्या भागांत कापा. हाच पुढे हाय-हॅट होणार. हॅट पॅडच्या पोटातून आला की परका वाटत नाही. खरा हॅट हळूहळू खाली मिसळा आणि गेट काढून घ्या. २५ व्या बाराला बास, पण फक्त लांब षड्ज. त्याच वेळी पॅडचा हाय-पास ६० वरून १५० कडे चढू लागतो आणि रिव्हर्ब ९ कडून २.५ कडे जातो. ३३ व्या बाराच्या समेवर किक.

चूक होते ती अशी की हे सगळे बदल आठच्या पटीतल्या बारांवर एकदम आणले जातात. मग प्रत्येक सांधा घोषणा केल्यासारखा ऐकू येतो. बास २५ ऐवजी २७ व्या बाराला आणा. हॅट १७ ला, पण पहिले चार बार उणे १८ डेसिबलला. समेवर फक्त किक यावी. चढत्या नॉइजचा सूं आवाज आणि झांज इथे नकोच. त्याने पॅडने एक मिनिट जमवलेले वातावरण एका क्षणात पुसले जाते.

समेवर उतरण्यासाठी शेवटच्या दोन बारांत तिहाई घालता येते. दोन बार म्हणजे ३२ सोळावे भाग, सम ३३ वी. तुकडा ९ भागांचा, दम ३ भागांचा: ९ त्रिक २७ आणि दम दोनदा ६, एकूण ३३. शेवटचा ठोका बरोबर समेवर, किकच्या अंगावर. ती टॉमवर वाजवू नका, मऊ प्लकवर घ्या आणि त्या दोन बारांत डिले बंद ठेवा, नाहीतर प्रतिध्वनी मोजणी बिघडवतात.

टेंपोच बदलायचा असेल तर १२२ च्या आधीचा भाग ६१ ला ठेवा (सरळ दुप्पट), किंवा ८१.३३ ला. ८१.३३ च्या दोन मात्रांत तीन समान ठोके घातले की तीच १२२ ची मात्रा होते. सिक्वेन्सरवर आधी ते तीन ठोके आठ बार वाजू द्या, मग प्रकल्पाचा टेंपो बदला. ऐकणाऱ्याला गती वाढल्याचे जाणवत नाही, पायाखालची जमीन बदलल्याचे जाणवते.

आणि पॅडमध्ये आतली हालचाल कशी आणायची: असमान लांबीची आवर्तने. ७ पायऱ्यांचा सिक्वेन्स १६ पायऱ्यांच्या बारावर सोडा, ११२ पायऱ्यांनी, म्हणजे ७ बारांनी दोघे समेवर भेटतात. पॅडचे आवर्तन ५ बारांचे आणि ठेक्याचे ८ बारांचे ठेवले तर ४० बारांनी भेट, सुमारे ७९ सेकंदांनी. ती भेट जिथे पडते तिथेच बदल करा: कॉर्ड, नवा थर, काहीही. ठेका चौकोनी राहतो, वर सगळे तरंगत राहते.

घनवाद्य

एकाच वेळी वाजवण्याबद्दल कोणी लिहिले नाही म्हणून.

पुणे ते श्टुटगार्ट सरळ रेषेत साडेसहा हजार किलोमीटर. काचेच्या तारेत प्रकाश सेकंदाला दोन लाख किलोमीटर जातो. जाऊन-येऊन ६५ मिलिसेकंद निव्वळ अंतराचे, आणि खरी तार सरळ जात नाही. इंटरफेस आणि यंत्रांचा उशीर वेगळाच. ठेका धरून एकत्र वाजवणे शक्य नाही, कितीही महाग इंटरनेट घेतले तरी.

पण तुमच्या संगीताला निनजॅम (इंटरनेटवरून एकत्र वाजवण्याचे सॉफ्टवेअर) चांगले बसते. त्यात उशीर मुद्दाम वाढवून पूर्ण आवर्तनाएवढा करतात: समोरच्याने मागच्या आवर्तनात वाजवलेले तुम्हाला आत्ता ऐकू येते. आवर्तन १६ मात्रांचे ठेवले तर १२२ ला ७.९ सेकंद. कॉर्ड स्थिर असेल तर हा उशीर बाधत नाही. कॉर्ड बदलायची असेल तर मात्र दोघांत एक आवर्तन अंतर पडते. रीपरसोबत रीनिनजॅम येतेच, श्टुटगार्टला जॅमटाबा (निनजॅमला जोडणारे दुसरे सॉफ्टवेअर) घ्यावे लागेल. निनजॅमचा प्रवाह दाबलेला असतो, म्हणून अल्बमसाठी प्रत्येकाने आपापले वाजवणे आपल्याकडे पूर्ण दर्जात ध्वनिमुद्रित करायचे. लाइव्हमधले लिंक (टेंपो जुळवण्याची सोय) यासाठी नाही, ते एकाच घरच्या नेटवर्कवर चालते.

मंद्रसप्तक

सगळ्यांचे मनापासून आभार. वॉर्प री-पिचवरच होता, बंद केल्यावर पिच जागेवर आली. पॅडमधून षड्ज काढल्याचा फरक हाय-पासपेक्षा मोठा निघाला. किक काळी चारवर आणली आहे. टिचक्यावरच्या साइडचेनने धाप गेली.

आता शेवटच्या टप्प्याचे दोन प्रश्न. अँबियंट भाग हळू आहेत आणि नाचाचे मोठे. स्ट्रीमिंगवर हा फरक टिकेल का? आणि न थांबणारा अल्बम सहा तुकड्यांत कापायचा कुठे?

अर्धमात्रा

सहाही ट्रॅक एकाच ५२ मिनिटांच्या सत्रात मास्टर करा आणि कापणे सर्वांत शेवटी. वेगवेगळे मास्टर करून जोडले तर लिमिटर प्रत्येक सांध्याच्या दोन बाजूंना वेगळा वागतो आणि आवाजाची पायरी ऐकू येते.

नाचाचे भाग उणे १० ते उणे ११ एलयूएफएस (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचे एकक), अँबियंट उणे १८ च्या आसपास, ट्रू पीक उणे १. स्पॉटिफाय उणे १४ ला आणते, पण अल्बम क्रमाने ऐकला तर सगळ्या ट्रॅकना एकच दुरुस्ती लावते, त्यामुळे आतला फरक टिकतो. ट्रॅक सुटा एखाद्या प्लेलिस्टमध्ये वाजला की त्याची दुरुस्ती वेगळी होते, आणि हळू ट्रॅक शिखराला जागा असेल तेवढाच वर येतो. त्यासाठी अँबियंट भाग दाबून मोठे करू नका.

कापायची जागा: बहुतेक जण पॅडच्या मध्यावर कापतात, आणि तिथेच चुकते. काही प्लेअर दोन फायलींमध्ये क्षणभराची फट सोडतात. लांब स्वरात ती फट ठळक ऐकू येते. कापा ते समेवरच्या किकच्या ५ मिलिसेकंद आधी. धक्का फट झाकून टाकतो. सीडी करणार असाल तर कापण्याची जागा ५८८ सॅम्पलच्या पटीत हवी (४४.१ ला सेकंदाचा ७५ वा भाग), नाहीतर सॉफ्टवेअर उरलेले सॅम्पल शांततेने भरते आणि टक्क आवाज येतो. त्यामुळे आधी ४४.१ ला रूपांतर, मग काप.

विनाइलचा विचार असेल तर ५२ मिनिटे एका तबकडीत कोंबू नका. २६ मिनिटांच्या बाजूवर खर्ज आणि आवाज दोन्ही कमी करावे लागतात. दोन तबकड्या, बाजूला १३ मिनिटे, आणि ट्रॅकचा क्रम आतापासून त्या चार भागांत विचारात घ्या.

तंतुवाद्य_नव्हे

एक पुरवणी: प्रत्येक ट्रॅकच्या रचनेचे आणि ध्वनिमुद्रणाचे हक्क वेगळे असतात. दोघांच्या टक्केवारीचा कागद ट्रॅकवार आताच सही करून ठेवा, स्टेमच्या फोल्डरमध्येच. एक जण आयपीआरएसचा (भारतातली संगीत-हक्कांची संस्था) आणि दुसरा गेमाचा (जर्मनीतली तशीच संस्था) सभासद असेल तर दोन्हीकडची नोंद त्याच टक्केवारीने आणि त्याच शीर्षकाने व्हायला हवी. शीर्षकाचे स्पेलिंग एका अक्षराने वेगळे असले तरी पैसे जुळत नाहीत. आयएसआरसी क्रमांक (ध्वनिमुद्रणाचा ओळख-क्रमांक) प्रत्येक तुकड्याला वेगळा. ठेक्याविना आवृत्तीही काढणार असाल, आणि आवर्तन यांची कसोटी सहाही ट्रॅकना लागू पडली तर काढावीच, तर तिच्या प्रत्येक ट्रॅकला नवा क्रमांक लागेल. त्यासाठी पॅडचे कोरे आणि रिव्हर्बचे स्टेम हाय-पास आणि साइडचेनच्या आधीचे, पूर्ण लांबीचे जपून ठेवा.